थांब गं, त्या ठरवतायत

भाजी शिजत नसली, बस सुटत नसली, दोन माणसं भांडत असली, तरी मालूआक्काचं उत्तर एकच: “थांब गं, त्या ठरवतायत.” ‘त्या’ म्हणजे पेशी. भाजीवालीला हे कुठलं कळायला? ती बिचारी अजून दोन भेंड्या टाकायची.

आक्का बेळगावच्या एका कॉलेजात कोंबडीच्या अंड्यांवर संशोधन करायची आणि तिच्या प्रयोगशाळेत बशा धुवायला मी. तेव्हा मी तरुण होते, बावन्न वर्षांची. निपाणीची लेक, कमरेला चंची, चंचीत तंबाखू आणि चुन्याची डबी. अक्कल मात्र घरी विसरून यायचे.

अंडी संकेश्वरहून यायची. आतल्या इवल्या पिलाच्या पायाचा कोंब घेऊन आक्का त्यातल्या पेशी काढायची आणि बशीत गुलाबी पाण्यात वाढवायची.

“स्नायू व्हायचं का कूर्चा, हे अजून त्यांना ठावं न्हाय,” ती सांगायची. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या कडेला चिमटीत येतं ते, कडक पण वाकणारं. “आत कॅल्शियम चढतंय, उतरतंय, परत चढतंय. त्या ठोक्यातनं निरोप जातोय बघ.” तोच ठोका ती बोटांनी टेबलावर वाजवायची, डब्यावर वाजवायची. एकदा तर प्राचार्यांच्या खुर्चीच्या पाठीवर वाजवला, प्राचार्य बसलेले असताना.

हा ठोका कॅमेऱ्यात पकडायचा, एवढंच तिचं राहिलं होतं. महिनाअखेर निवृत्ती. कॅमेऱ्याचा मायक्रोस्कोप एका दिवसापुरता बाहेरगावाहून मागवलेला, चारला परत जाणार. बुरशीनं बाकीच्या बशा खाल्लेल्या. उरलेली एकच.

तिच्यात आक्कानं कॅल्शियम चढलं की चमकणारा रंग घातला आणि दोन वाजता नेमकं ऑफिसातून बोलावणं आलं, निवृत्तीच्या कागदांवर सह्या करायला.

“इंदू, हात लावू नको. नुसतं बघ.”

“व्हय आक्का.”

बघितलं. पडद्यावर एक पेशी मिणमिणायची, विझायची. मग दुसरी. मला वाटलं, उपाशी हैत गं बाळं! कॅल्शियम म्हणजे चुना, इतकं मलाही ठाऊक. आमच्यात बाळंतिणीला विड्यातून देतात की. डबी काढली, नखाच्या टोकावर चुना घेतला आणि बशीत बुडवला.

काय उजळल्या म्हणता! अख्खा पडदा लखलखला. मी टाळी वाजवली, बावन्न वर्षांच्या बाईनं. मग बघते तर एकही विझेना. गुलाबी पाणी जांभळं व्हायला लागलं. जिन्यात आक्काच्या चपला वाजल्या, मागे बुटांचे आवाज.

आक्का आली, बरोबर प्राचार्य. तिनं पडद्याकडे पाहिलं. ठोका द्यायला बोट उचललं, ते तसंच राहिलं. बशीकडे पाहिलं. मग माझ्या नखाकडे. मी मूठ मिटली.

“काय झालं मॅडम?” प्राचार्यांनी विचारलं.

मी मिटलेली मूठ पदराखाली घेतली.

“माझा हात चुकला, सर,” आक्का म्हणाली.

चारला यंत्र गेलं. मी कोपऱ्यात बसून रडले. “वरड की आक्का! दोन मुस्काटात मार!”

“सगळ्याच एकदम वरडल्यावर कोण कुणाचं ऐकणार गं? आत्ता बघितलंस न्हवं?” ती म्हणाली. “ऊठ. हात धू आधी.”

भरपाई म्हणून मी दर रविवारी तिच्या हिंडलग्याच्या घरी भांडी घासायला जाऊ लागले. एकटीच असते ती. घासायला भांडी ती किती? एक ताट, एक वाटी, एक पेला. आता माझ्याच गुडघ्यातली कूर्चा झिजलीय, तरी जाते. इडल्या खातो, चहा पितो. मग मी चंची खोचून उठते.

“थांब गं,” आक्का स्वयंपाकघराकडं बोट करते. “अजून एक घाणा लावलाय. त्या ठरवतायत.”

इथून मला शेगडी दिसते. गॅस केव्हाचा बंद असतो. टेबलावर तिची बोटं मात्र चालू असतात, चढतात, उतरतात, परत चढतात.

मी पुन्हा बसते.

“ठरवू देत की,” म्हणते. “मला कुठं घाई हाय?”