मागच्यांना ताटकळत ठेवू नये

सासरे निवृत्त होऊन मुलीकडे राहायला आले, तेव्हापासून दातांच्या डॉक्टरचा दवाखाना ओस पडायला लागला. सासरे आयुष्यभर न्यायाधीश होते आणि सवय काही खुर्चीबरोबर सुटत नाही. सकाळीच ते दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसत, आलेल्याचं भावाशी किंवा शेजाऱ्याशी काय बिनसलंय ते खोदून खोदून विचारत, आणि चूक कुणाची ते सांगून मोकळे होत. पेशंट दाढ विसरून तावातावाने घरी भांडायला जाई.

"बाबांना सकाळचं कुठेतरी गुंतवा, नाहीतर दवाखान्याला कुलूप लावा," बायकोने सांगून टाकलं. सासऱ्यांना गोल्फची हौस होती. डॉक्टरने लगोलग क्लबात दोघांची नावं घातली.

सभासद होण्याआधी परीक्षेचा एक डाव खेळावा लागे आणि सेक्रेटरी मागून चालत येऊन खेळ बघत. खेळ वाईट असला तरी चाले, पण रेंगाळलेलं चालत नसे, कारण रविवारी त्या मैदानावर मुंगी शिरायला जागा नसे. दारातच पाटी होती: 'मागच्यांना ताटकळत ठेवू नये. पुढच्यांशी अंतर पडू देऊ नये. अंतर पाडणाऱ्यास बाहेर काढले जाईल.' खाली सेक्रेटरींची झोकदार सही.

परीक्षेच्या रविवारी सगळ्यात पुढे सासरे-जावई. त्यांच्यामागे पिवळ्या टोपीतल्या एक बाई आणि काठ्यांची पिशवी ओढणारे त्यांचे यजमान. मग एकटे सेक्रेटरी, आणि त्यांच्यामागे रविवारची सगळी गर्दी. सासऱ्यांनी चेंडूभोवती एक फेरी मारली. मग उलट्या बाजूने दुसरी मारली.

"बाबा, मारा आता."

"जावईबापू, घाईत दिलेला निकाल वरच्या कोर्टात टिकत नाही."

"वरचं कोर्ट कमरेवर हात ठेवून मागे उभं आहे."

सासऱ्यांनी वळून पाहिलं. पिवळी टोपी खरंच कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यांनी घाईघाईत काठी फिरवली आणि दोघे झपझप चालू लागले. पिवळी टोपीही झपझप चालू लागली. सेक्रेटरींनी हे बघितलं तर सभासदत्व गेलं, आणि सासरे परत बाकावर. डॉक्टर पळायलाच लागला.

तिसऱ्या होलला चेंडू झुडपात गेला.

"राहू द्या तो, माझ्या खिशात दुसरा आहे."

"मुद्देमाल टाकून पुढे जायचं?"

"बाबा, त्या पळत येतायत."

बाई खरोखरच पळत होत्या, भट्टीत पाव जळायला लागल्यासारख्या. आता मात्र सासऱ्यांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी पँटचे पाय वर दुमडले, धावता धावता चेंडू हाणला आणि पुन्हा धावत सुटले. तोंड लालबुंद, डोळे चमकताहेत. "जन्मभर तारखा दिल्या," ते धापा टाकत म्हणाले, "आज पहिल्यांदा काहीतरी वेळेआधी संपतंय." मागे यजमान पिशवीला अडखळून पडले. बाईंनी पिशवी आणि यजमान दोन्ही तिथेच सोडले आणि एक काठी घेऊन पाठलाग चालू ठेवला.

शेवटचा होल उरकून दोघे क्लबाच्या व्हरांड्यात कोसळले. पाठोपाठ बाईही येऊन टेकल्या.

"सकाळपासून का मागे लागलात हो आमच्या?" डॉक्टरने विचारलं.

"मी? पळत तर तुम्ही सुटलात. अंतर पडलं असतं तर मला बाहेर काढलं असतं ना. बेकरी नोकरांवर टाकून आलेय, परीक्षा आहे आज आमची."

"आमचीही."

यजमान लंगडत आले आणि एका पायरीवर बसले. आता चौघांनाही सेक्रेटरींची आस लागली, पण मैदानावर त्यांचा पत्ता नव्हता. बऱ्याच वेळाने ते आले, मान खाली घालून, आणि बरोबर मैदानाचा रखवालदार.

"यांनी पुढच्यांशी तीन होलांचं अंतर पाडलं," रखवालदार म्हणाला. "मागे लोक खोळंबून शिव्या घालतायत. म्हणून बाहेर काढलं."

"अरे, नियम मीच केलाय," सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणूनच तर पाटी पुन्हा वाचून आलो, साहेब. सही तुमचीच आहे."

सेक्रेटरींचा पारा चढला. पळपुट्यांचा खेळ आपण पाहिलाच नाही, सबब कुणालाही सभासद करणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. बाई उसळल्या, यजमान पाय दाखवू लागले, रखवालदार पाटीकडे बोट दाखवू लागला. एवढ्यात सासऱ्यांनी काठी जमिनीवर ठक्कन आपटली आणि सगळे गप्प झाले. तो ठक्क आवाज ऐकताच डॉक्टर लगबगीने चेंडू-काठ्या गोळा करू लागला.

"हे असं उभ्या उभ्या व्हायचं नाही," सासरे म्हणाले. "प्रत्येकाचं नीट ऐकून घ्यावं लागेल."

सोमवारी सकाळी डॉक्टरने दवाखान्याचं दार उघडलं तर बाक गच्च भरलेला. कितीतरी दिवसांनी असं दृश्य दिसत होतं. त्याने पांढऱ्या कोटाची बटणं लावली आणि हसून विचारलं, "पहिला नंबर कुणाचा?"

मग त्याला पिवळी टोपी दिसली. शेजारी सुजलेला पाय स्टुलावर ठेवून यजमान, काखेत पाटी घेतलेले सेक्रेटरी, रखवालदार, आणि काल मागे खोळंबलेली माणसं भिंतीला टेकून दारापर्यंत उभी. दात कुणाचाच दुखत नव्हता.

"तुमचाच," सासरे चष्मा पुसत म्हणाले. "बसा, जावईबापू. सुरुवात तुमच्या साक्षीने करू. आणि अगदी सावकाश सांगा, इथे कुणाला घाई नाही."