नीळकंठ मास्तरांचा काला

शेजारचे नीळकंठ मास्तर जेवायला बसले की मी मुद्दाम तोंड फिरवायची. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी, ताक, वर लोणचं, सगळ्याचा एकच काला करून मिटक्या मारत खायचे. विचारलं तर म्हणायचे, "वैनी, नावं निराळी. मूळ एकच की!"

हे नुसतं जेवणापुरतं असतं तर मी बोललेही नसते. मास्तर इथं सोलापुरात हायस्कुलात गणित शिकवायचे. अंकगणित, बीजगणित, भूमिती हे सगळं मुळात एकच आहे आणि ते आपण सिद्ध करणार, या ध्यासानं माणूस झपाटलेला. एकदा इन्स्पेक्टरसाहेबांनी पोरांना वर्तुळ काढायला सांगितलं, तर अख्ख्या वर्गानं समीकरण मांडलं. साहेब लालबुंद, मास्तर धन्य! हेडमास्तरांनी झापलं, तरी म्हणाले, "शिवी काय, शाबासकी काय, मूळ एकच."

सगळ्या गणिताची एकी करायला निघालेल्या या गृहस्थाचं घरात मात्र पटेना. त्यांची बायको गंगाक्का अक्कलकोटची, मोठी सुगरण. पाडव्याला गिरणीच्या भोंग्याआधी उठून ती राबली. ताट कसं देखणं वाढलं होतं! डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मधे पुरणपोळी. मास्तरांच्या डोक्यात कुठलंसं समीकरण. त्यांनी पोळी कुस्करली, वर आमटी ओतली, कोशिंबीर लोटली आणि कालवलं.

"अय्यो! सगळं एकच हाय, तर मी येगळं येगळं कशाला रांधलं?" गंगाक्का रडली आणि ट्रंक घेऊन माहेरी गेली.

"येईल की," मास्तर ऐटीत म्हणाले. ती काही आली नाही. मग माणूस वाळायला लागला. शेवटी माझ्या ओसरीवर येऊन बसले. "वैनी, तिनं एकेक जिन्नस माझ्यासाठी केला. मी धड बघितलंसुद्धा नाही हो."

मला बाई गलबलून आलं. "मग मला काय सांगताय? अक्कलकोटला जाऊन सांगा!"

गेले, आणि घेऊन आले. एकदा जेवायचं, नाही पटलं तर परत जायचं, या बोलीवर. ट्रंक दारातच ठेवली. मला साक्षीला बसवलं.

स्वयंपाक मास्तरांनी केला होता. बायकोला पाटावर बसवून समोरून वाढू लागले. नवऱ्यानं बायकोला वाढायचं, त्या काळी! कुणी बघू नये म्हणून मी दार लोटलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, एकाचा थेंब दुसऱ्याला लागू न देता वाढत होते. आणि सगळं उलट्या बाजूला! स्वतःची डावी बाजू धरून बसले होते. जन्मभर भूमिती शिकवलेला माणूस! मी पदर तोंडात कोंबला.

गंगाक्का ताटाकडे बघत राहिली.

"चुकलं का गं?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई की." तिनं करपलेली भाकरी कुस्करली, त्यात आमटी, चटणी, कोशिंबीर सगळं घेतलं, कालवलं आणि मोठा घास घेतला.

मास्तर पोरासारखे रडायला लागले.

"रडता कशाला? बरं लागतंय की वो," ती घास चावत म्हणाली.

मी उठले आणि तिची ट्रंक उचलून आत नेऊन ठेवली.