टी-खुणेच्या मोहिमेचे वर्तमान

सावधचित्त होऊन ऐकावे. गणिताचे मास्तर, खडूधुरंधर, भूमितीभास्कर, यांनी घरच्या अंगणात मोटारसायकलीचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची ढील, जुळवण्याची जी मोहीम केली, तिचे साद्यंत वर्तमान ऐसे जे:

गाडीची उमर एकवीस वर्षे. महिनाभर इंजिनाच्या डोक्यात टकटक करीत होती आणि सुटीचे दिवशी सकाळी किकेस दादच देईना. मास्तरांचे कुटुंब, खासा बाईसाहेब, इस्पितळात परिचारिका, दुपारी दोनची ड्यूटी. त्यांचा हुकूम सुटला की, दीड वाजेतो गाडी चालू न जाहल्यास आम्ही भावाच्या स्कूटरवरून जाऊ आणि सदरहू धूड भंगारवाल्याचे हवाली करावे. मास्तरांच्या काळजात चर्र जाहले. कां की, लग्नानंतर बाईसाहेबांस घरी आणिले ते याच गाडीवरून.

मग पाने, पक्कड, बॅटरी ऐसा सरंजाम मांडून मास्तर जमिनीवर आडवे जाहले. मसलत ऐसी की, इंजिनाच्या शिरी व्हॉल्व्ह दोन, हवा घेणारा आणि धूर सोडणारा, दोहोंस केसभर ढील ठेवावी. आणि ती मोजावी केव्हा? तर बगलेच्या खिडकीतून डोकावता आतल्या चाकावरची ‘टी’ ही खूण खाचेसमोर येईल तेव्हा. परंतु खूण कैची! तेलाच्या चिखलात सर्व गडप. मास्तर बॅटरी दातांत धरून पान्याने चाक फिरवीत गेले, आणि एक ओरखडा दिसला त्यास टी समजून नाचले, आणि मग चष्मा तेलात पडला, तो पुसता सदरा गेला. अखेर दोन प्रहरी खरी टी सापडली. परंतु दोन्ही व्हॉल्व्ह ताठ, ढील म्हणून नाही. मास्तरांनी स्क्रू सैल केले, अधिक सैल केले, सर्व बंद करून किक मारिली. गाडी एकवार शिंकली आणि निपचित पडली.

इतक्यात शत्रुपक्ष, म्हणजे मेहुणे, नव्या स्कूटरवरून दाखल जाहले.

“दाजी, भंगारवाल्याला फोन लावू का?”

मास्तरांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. तेव्हा बाईसाहेब गणवेशानिशी बाहेर आल्या.

“खूण बरोबर आहे ना?”

“अगं, शंभर टक्के! तीनशे साठ अंश फिरलं की पुन्हा शून्यच. टी ती टीच!”

“अहो, पण गाडीचा श्वास चाललाय कुठे, ते बघितलंत का?”

ऐसे बोलून बाईसाहेबांनी खिडकी आणि स्पार्क प्लग दोन्ही खोलविले, प्लगाच्या भोकावर खासा अंगठा दाबिला आणि चाक फिरविण्याचा हुकूम केला. टी आली, अंगठा स्वस्थ. आणखी एक फेरा. टी येता येता फुस्स करून हवेने अंगठा उडविला.

“ही घ्या तुमची टी!”

तेव्हा उमज पडला की, इंजिनाचे एक आवर्तन दोन फेऱ्यांचे, टी दोनदा दर्शन देते. एकदा धूर हाकलिता, तेव्हा व्हॉल्व्ह गुंतलेले, आणि एकदा हवा दाबिता, तेव्हा दोन्ही मोकळे. मास्तर पहिलीस भुलले. आयुष्यभर पोरांस शिकविलेल्या वर्तुळानेच दगा दिधला! मग ढील मोजिली, झाकणे लाविली आणि एकच किक. गाडी गरजली. टकटक नाही. मेहुण्यांनी फोन खिशात घालून चहा घेतला.

दीडास पाच मिनिटे उरता फत्ते जाहली. मास्तरांनी धुतला पांढरा सदरा चढविला आणि फर्माविले की, विजय आमचे नावे लिहावा. तैसा लिहिला आहे.

“गणित तुमचं बरोबर होतं हो,” मागे बसता बाईसाहेब म्हणाल्या, “फक्त अर्धंच होतं.”

अंगठा काजळीने काळा, धुण्यास फुरसत नाही, तैसाच हात त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर ठेविला. तो ठसा सदऱ्यावर उमटला तो अद्याप आहे. मास्तर धुवू देत नाहीत. येणेप्रमाणे या वर्तमानावर मोर्तब जाहले असे.