सहा मीटर आतडं आणि खांबेटे डॉक्टर

खांबेटे डॉक्टर पेशंटचं तोंड बघत नाहीत. स्वारगेटजवळच्या आमच्या स्कॅन सेंटरमध्ये अकरा वर्षं मी त्यांचे रिपोर्ट टाइप करते आहे, पण ते पुढच्या दाराने आलेले मला आठवत नाहीत. मागच्या जिन्याने यायचं, अंधाऱ्या खोलीत स्क्रीनसमोर बसायचं आणि मागच्याच जिन्याने जायचं. वाटेत कोणी पेशंट आलाच, तर हे आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचत उभे राहतात. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "तोंड पाहिलं की मन म्हणतं, काही नसू दे. मग डोळा मनाचं ऐकतो."

त्यांचा सगळा जीव लहान आतड्यात. नेहमीची दुर्बीण वरूनही तिथवर धड पोचत नाही आणि खालूनही नाही. डॉक्टर सीटीच्या चित्रांमध्ये शेवटच्या टोकापासून उलटे निघतात आणि एकेक वेटोळं पार करत जठरापर्यंत येतात. मध्येच फोन वाजला तर पुन्हा पहिल्यापासून. घाई करणाऱ्या एका सर्जनना त्यांनी सांगितलं होतं, "आतडं सहा मीटर आहे. आपण पुढे व्हा, मी चालत येतो."

गाठ सापडली तरी लगेच नाव घेत नाहीत. आतून रस्ता आवळणारी वेगळी, भिंत जाड करत लांबवर पसरणारी वेगळी, बाहेरच्या बाजूला फुगणारी वेगळी. "स्वभाव मी सांगतो, आडनाव पॅथॉलॉजीवाले सांगतील," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मागच्या वर्षी मांजरी गावच्या शेवंताबाई आल्या. चाळिशीच्या असतील. दोन वर्षं अंगातलं रक्त कमी होत होतं. दोनदा बाटल्या चढवून झाल्या, वरून-खालून दुर्बीण घालून झाली, कुठे काही सापडलं नव्हतं. "दोन पायऱ्या चढलं की धाप लागती, अन् घरात म्हनत्यात सोंग हाय," त्या मला म्हणाल्या.

या तपासणीआधी तासाभरात दीड लिटर गुळचट पाणी प्यावं लागतं, म्हणजे आतडी फुगतात आणि भिंती नीट दिसतात. बाईंनी रिकामा जग परत दिला. स्कॅन झाला. डॉक्टरांनी स्क्रीनवर नजर टाकली आणि म्हणाले, "हे पाणी कुंडीला घातलंय." मी बाहेर जाऊन पाहिलं, तर मनीप्लँटच्या कुंडीखाली तळं साचलं होतं. बाईंना मळमळत होतं, सांगायला लाज वाटली.

सेंटरच्या मालकांचं म्हणणं होतं की आहे त्यावर रिपोर्ट द्यावा. डॉक्टरांनी सही केली नाही. "मिटलेल्या छत्रीवरची नक्षी मला दिसत नाही," एवढंच म्हणाले. बाईंना चार दिवसांनी पुन्हा बोलावलं, आणि मला टायपिंग सोडून त्यांच्याशेजारी बसायला सांगितलं. घाई करू नका, दर पाच मिनिटांनी थोडं थोडं द्या, आणि त्यांच्याशी काहीतरी बोलत राहा. आम्ही हुरड्याबद्दल बोललो, त्यांच्या सासूबद्दल बोललो. सासूच्या विषयावर पाणी भराभर संपलं.

या वेळी आतडी छान फुगली होती. डॉक्टर त्या वाटेने तीनदा चालले. लहान आतड्याच्या वरच्या भागात, भिंतीतून बाहेरच्या बाजूला फुगलेली, लिंबाएवढी गाठ होती. त्यांनी स्वभाव लिहून दिला आणि सर्जनना स्वतः फोन केला.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी रजा टाकली. दाताचं काम आहे म्हणाले. सकाळी अकराच्या सुमारास जुन्या स्कॅनची सीडी द्यायला मी हॉस्पिटलात गेले, तर थिएटरबाहेरच्या बाकावर शेवंताबाईंचा नवरा बसला होता आणि त्याच्या शेजारी खांबेटे डॉक्टर. डॉक्टरांच्या हातात भाकरीचा तुकडा होता.

नवऱ्याने मला ओळखलं. "ताई, हे बी सकाळधरनं बसल्यात. संगती कुनीच न्हाई. म्हनलं, दोन घास खावा माझ्यासंगं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून हळूच नकारार्थी मान हलवली. मी सीडी आत पोचवून बाकाच्या टोकाला टेकले.

दार उघडून सिस्टरनी शेवंताबाईंच्या नातेवाइकांना हाक मारली. दोघेही एकदम उठले. मग डॉक्टर सावकाश खाली बसले.

नवरा आत जाऊन आला. गाठ अख्खी निघाली होती, रक्त तिथूनच जात होतं. त्याने टॉवेलने डोळे पुसले आणि मग त्याला शेजारच्याची आठवण झाली.

"अन् तुमचं मानूस? आजून आतच हाय का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "माझंही आत्ताच झालं."

"बरं हाय न्हवं?"

"बरं आहे."

नवऱ्याने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. डॉक्टरांनी तो सोडवून घेतला नाही. त्या माणसाच्या तोंडाकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले.