शौचकूपाच्या दरवाजाची मोहीम

सेवेसी अर्ज ऐसा जे, मोठ्या मोहिमांच्या हकीकती लिहिणारे पुष्कळ जाहले, परंतु ज्या मोहिमेत एक मिशी खर्ची पडली, एक शौचकूप काबीज जाहले आणि अवघ्या शहराचे दरवाजे हलले, तिची हकीकत कोणी लिहिली नाही, म्हणोन ती लिहिणे प्राप्त जाहले. लेखक त्या समयी डावा गाल सुजल्याकारणे खुद्द मोहिमेच्या जागी तिष्ठत होता, सबब पदरचे तिखटमीठ लावण्याची गरज पडली नाही.

राज्य हुजुरांचे. हुजूर म्हणजे खासे सर्वसाक्षी, अखंडजागृत, रयतेचे मायबाप, ज्यांची भरघोस मिशीची तसबीर भिंतोभिंती आणि ज्यांचा आवाज सकाळ-संध्याकाळ चौकाचौकांत कर्ण्यातून. हुजुरांनी गादीवर येताच कुलपे-किल्ल्या मोडीत काढविल्या आणि घर, दुकान, कचेरी, न्हाणीघर, ऐशा प्रत्येक दरवाजावर काचेचा डोळा बसविला. डोळ्याने चेहरा पाहावा, दप्तरातल्या चेहऱ्याशी ताडावा आणि जुळला तरच दार उघडावे. मग फर्मान जाहले, की चेहरा बदलणे हा दगा समजावा, आणि दार चौकटीतून हलविणे हा त्याहून मोठा दगा, हुजुरांच्या तोंडी हुकुमावाचून त्यास कोणी हात लावू नये. मग ज्याचा गाल सुजला, ज्याचे कपाळ फुटले, जो आजारात वाळला, तो आपल्याच घराबाहेर अडकला आणि हुजुरांच्या महालाच्या तळमजल्यावर चेहरा-दुरुस्ती कचेरीसमोर रांगेत बसू लागला. खिडकीतला कारकून बहुतकरून जेवायला गेलेला असे.

रांगेत पुढे एक सुतारबाई होती. रंधा मारताना फळी उसळून तिच्या हनुवटीस टाके पडले, आणि दाराने तिला ओळखणे सोडिले. घरात म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, नजरेने अधू. शेजारीण खिडकीच्या गजांतून दूध देई. आई आतून विचारी, तू आत का येत नाहीस, माझ्यावर रागावलीस का. हे तिने रांगेत बसून लेखकास सांगितले.

त्या दिवशी सकाळी हुजूर तळमजल्यावरच न्हाव्याच्या खुर्चीवर विराजमान जाहले. न्हावी जुना, हात साफ. परंतु वस्तरा चालू असता भाषणाचा सराव करावा आणि शत्रूचे नाव येताच मान झटकावी, ही हुजुरांची खोड. मान झटकली, वस्तरा फिरला आणि अर्धी मिशी मांडीवर आली. मग उरलेली ठेवणे अधिकच बेअदबीचे, म्हणोन न्हाव्याने तीही उतरविली. हुजूर उदार अंतःकरणाचे, वाढेल पुन्हा, ऐसे वदले. आणि त्याच समयी, पहाटेपासोन रिचविलेल्या चहाने जोर केल्यामुळे, शौचकूपावर तातडीने कूच करणे भाग पडले.

शौचकूप रांगेच्या समोरच. हुजूर डोळ्यापुढे उभे राहिले, डोळा लुकलुकला, आणि दारातून मंजूळ आवाज आला, की अनोळखी इसमाने भिंतीकडे तोंड करून थांबावे. मग पहारेकरी धावत आला, त्याने तसबिरीकडे पाहिले, हुजुरांकडे पाहिले, आणि तसबिरीवर विश्वास ठेविला. हुजुरांनी आपण कोण ते गर्जून सांगितले. परंतु चेहरा समोर असता आवाजाची साक्ष घेऊ नये, हा कायदा हुजुरांचाच. सुतारबाईने सरकून जागा केली.

"दादा, इथं रोज एक तरी असं म्हणतो," ती म्हणाली. "मागं बसा, तुमचाही नंबर येईल."

मग वरच्या मजल्यावरून बाईसाहेबांस पाचारण जाहले. त्यांनी एका नजरेत नवरा ओळखिला.

"हे आमचेच. पण बायकोच्या सांगण्यावरून दार उघडायचं नाही, हे तुम्हीच ठरवलंत ना, अहो? मी तेव्हाच म्हटलं होतं."

हुजूर या पायावरून त्या पायावर होत होते.

 इकडे न्हाव्यास संकटसमयी बुद्धी सुचली आणि त्याने दाढीच्या ब्रशाचे केस कापिले, साबणाच्या दाट फेसात कालविले आणि हुजुरांच्या ओठावर नवी मिशी उभारिली. डोळ्याने मिशी पाहिली, मिशीस मुजरा केला, दार उघडले आणि हुजूर आत शिरले. आत जो विजय जाहला त्याचा नाद बाहेरपर्यंत आला. पहारेकऱ्याने अदबीने छताकडे पाहिले. अधिक लिहिणे बरे दिसत नाही.

परंतु हुजूर स्वच्छतेचे भोक्ते. त्यांनी तोंड धुतले आणि मिशी पाण्याबरोबर मोरीत गेली. दारास आतूनही डोळाच. अनोळखी इसमाने भिंतीकडे तोंड करून थांबावे, ऐसा पुन्हा हुकूम जाहला, आणि आत तर चहूकडे भिंतीच. मग हुजूर ओरडले. आता चेहरा कोणास दिसेना, नुसता आवाज, कर्ण्यातून रोज येतो तोच. आणि पहारेकऱ्याच्या टाचा आपसूक जुळल्या, रांग ताडकन उभी राहिली आणि कारकून जेवण टाकून आला. आतून फर्मान सुटले, की दार काढावे.

सुतारबाईने पिशवीतून पेचकस काढिला, परंतु बिजागरीस लाविला नाही. ती दाराशी वाकली.

"हुजूर, कोणतं दार काढायचं?"

"दार! कुठलंही असो, काढा!"

"कुठलंही?"

"कुठलंही म्हटलं ना!"

बाईने मागे वळून पाहिले. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"ऐकलं," बाईसाहेब म्हणाल्या. "लागली तर साक्ष देते."

डोळ्याचे अवघे लक्ष चेहऱ्यांवर, बिजागऱ्यांची त्यास दखल नव्हती. दार निखळले. हुजूर ओल्या तोंडाने बाहेर आले, आणि बाई त्यांस म्हणाली, दादा, हे टोक जरा धरा, जड आहे. हुजुरांनी धरिले. मग दार भिंतीस टेकविले, आणि बाई पिशवी खांद्यास मारून निघाली, आणि मागोमाग रांग निघाली, आणि हुजूर तेथेच उभे राहिले, कारण त्यांस कोणी चल म्हटले नाही.

सुतारबाईने पहिले दार आपल्या घरचे उतरविले. आत काळोखी होती. म्हातारीने विचारिले, कोण?

"मी गं."

म्हातारीने चेहरा पाहिला नाही, पाहता येत नव्हता. अंथरुणातून हात मात्र पुढे केला.

येणेप्रमाणे शौचकूपाची मोहीम फत्ते जाहली. आपल्या पक्षाकडील हुजुरांची मिशी आणि न्हाव्याचा ब्रश कामी आले. सांजेपर्यंत शहराची दारे भिंतींस टेकून उभी राहिली, सर्व काही हुजुरांच्याच फर्मानाने, आणि फर्मान मागे घेण्यास हुजुरांपाशी अद्याप मिशी नाही. लेखकाच्या गालाची सूज तैशीच आहे. हे त्याने आपल्या घरात बसून लिहिले.