नियम क्रमांक चार

आमच्या सोसायटीतल्या पोरांच्या इलेक्ट्रिक स्कूटरना वेसण घातली ती मी! स्वतःच्या तोंडाने सांगतेय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांचा मुलगा दोन मित्रांना मागे बसवून सुसाट आला आणि थेट कुंड्यांच्या रांगेत घुसला. पोरं वाचली, कुंड्या गेल्या. त्याच संध्याकाळी मी शिलाई मशीन झाकलं आणि नियम लिहायला बसले. हेल्मेट हवंच. डबलसीट बंद. वेग वॉचमनदादांच्या धावण्याइतकाच. आणि चौथा, माझा लाडका: पालकांच्या सहीची चिठ्ठी दाखवल्याशिवाय कुठल्याही स्कूटरवाल्याला गेटबाहेर सोडायचं नाही. वय मुद्दामच घातलं नाही. वय लिहिलं की ही कार्टी एका रात्रीत अठरा वर्षांची होतात!

सोमवारी नियम लागू झाले आणि सोमवारीच माझा घात झाला.

एका गिऱ्हाईक बाईंचा कोट पोचवायचा होता. आठ वर्षांनी पुन्हा नोकरी धरायची म्हणून अकराला त्यांची मुलाखत, आणि साडेदहा वाजले तरी मी बटणंच लावतेय! शेवटी लेकीची स्कूटर काढली, तिचं हेल्मेट चढवलं (हंड्यावर वाटी!) आणि निघाले.

वॉचमनदादांनी हात आडवा घातला.

"चिठ्ठी?"

"दादा, अहो, मी आहे!"

"दिसतंय की. चिठ्ठी?"

"एक्कावन्न वर्षांची आहे मी!"

"नियमात वय नाही, ताई. आणि तुम्हीच बजावलंय, कोणी कितीही गोड बोललं तरी सोडायचं नाही."

"मी कुठे गोड बोलतेय?"

"तेही खरंच," म्हणत त्यांनी किल्ली काढून घेतली.

आईला फोन करून खाली बोलावलं. वय अठ्ठ्याहत्तर, पण जिना उतरली ती न्यायाधीशासारखी.

"आई, इथे सही कर. पटकन!"

तिने सावकाश चष्मा पुसला. "ही चालवणार? ब्रेक कुठला, ते विचारा आधी."

"आई!"

"सातवीत सायकल भिंतीवर घातली होती हिने. वर म्हणे, भिंतच मध्ये आली!"

एव्हाना गर्दी जमली होती. "आजी, सही नका करू!" दातांच्या डॉक्टरांचा मुलगा ओरडला. त्याच्या डोळ्यांत कुंड्यांचा सूड होता.

"छे, नाहीच करणार," आई म्हणाली. "उद्या हातपाय मोडले तर लोक मला नावं ठेवतील!"

तेवढ्यात गिऱ्हाईक बाईंचा फोन. आवाज रडवेला. "ताई, निघालात ना हो?"

"निघाले!" मी म्हटलं. गेटच्या आतून.

शेवटी लेक खाली आली. "मम्मी, माझी चिठ्ठी आहे की. तूच सही केलीयस." माझ्या डोक्यावरून हेल्मेट ओढून काढलं, स्वतः घातलं, पट्टा नीट लावला, कोट पाठीवरच्या पिशवीत ठेवला आणि चिठ्ठी दाखवून दादांकडून किल्ली घेतली. एरवी तिला स्कूटरवर पाठवताना माझा जीव खालीवर होतो. पण ती इतकी शहाण्यासारखी गेली, की शेजारून धावणारे वॉचमनदादा कोपऱ्यापर्यंत दोन पावलं पुढेच होते!

अकराला पाच कमी असताना निरोप आला: कोट मिळाला, अंगात फिट्ट बसला.

संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांनी पहिल्या दिवसाचा अहवाल खणखणीत आवाजात वाचला:

"अडवलेली मुले: एक. बोलावलेले पालक: एक. शेरा: मूल हट्टी, पालक समंजस."

टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात आईच्या!