थोरल्या साडूंची दुधी फिल्म

पॉलिएस्टरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतल्या एकाच टेबलावर दोन साडू काम करत. थोरल्यांना तिथे बावीस वर्षं झाली होती, धाकट्याला तीन. त्याला चिकटवलं थोरल्यांनीच, आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला म्हणून ते मनातल्या मनात धुमसत.

थोरले न ताणलेली फिल्म भट्टीत तापवून तपासत. तिच्यातले रेणू गुंतलेल्या दोऱ्यासारखे. तापले की जागोजाग गोळा होऊन त्यांचे मोठाले स्फटिक बनत आणि फिल्म दुधासारखी पांढरी पडे. धाकटा फिल्म आधी ताणून घेई. रेणू विंचरलेल्या केसांसारखे एका दिशेला लागत. मग चौकटीत घट्ट आवळून तापवली की झटपट बारीक स्फटिक तयार होत आणि फिल्म काचेसारखी लख्ख राही. येणारा-जाणारा त्याच्याच हाताचं कौतुक करी. थोरल्यांच्या फिल्मचं भवितव्य ठरलेलं होतं: तपासणी, नोंद, कचऱ्याचा डबा.

त्या दिवशी दिव्यांची झाकणं बनवणाऱ्या बाई यायच्या होत्या.

"धाकट्यांची फिल्म बाईंसमोरच तापवू," साहेब म्हणाले.

"आणि माझी?" थोरल्यांनी विचारलं.

"तुम्ही भट्टीचं दार उघडा ना."

जेवणाच्या सुट्टीत थोरल्यांना राहवेना. हिच्यात असं काय सोनं लागलंय ते बघू तरी, म्हणून त्यांनी धाकट्याची ताणलेली फिल्म चौकटीतून सोडवली आणि तशीच मोकळी भट्टीत टाकली. आवळलेली नसल्यामुळे ती पाहता पाहता आकसली आणि चुरगळलेल्या पानासारखी होऊन बसली.

थोरल्यांनी ती कचऱ्याच्या डब्यात खोल खुपसली. जिन्यात पावलं वाजली तशी त्यांनी आपली एक न ताणलेली फिल्म चौकटीत आवळली. तापल्यावर ती पांढरी पडणार हे त्यांना ठाऊक होतं. पण फजिती धाकट्याची होणार, या विचाराने त्यांना जरा बरंही वाटलं.

चौकट भट्टीत गेली. बाहेर आली ती दुधी होऊन. साहेबांचा चेहराही तिच्याच रंगाचा झाला. बाईंनी मात्र ती दिव्यासमोर धरली.

"अहो, हेच तर शोधत होते मी. उजेड येतोय, पण बल्ब दिसत नाही. कुणी केली?"

साहेबांनी धाकट्याकडे बोट दाखवलं. थोरल्यांनी 'माझी' म्हणायला तोंड उघडावं, तर पुढचंही सगळं सांगावं लागणार.

धाकट्याने फिल्म निरखली. "माझी नाही ही. ताणलेली असती तर दुधी झाली नसती. साडूभाऊंची आहे. चौकटीत चुकून लागली असेल."

"चुकूनच," थोरले पुटपुटले.

बाईंनी थोरल्यांचं अभिनंदन केलं, नमुन्यांची मागणीही त्यांच्याच नावाने नोंदवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला.

"फिल्म उत्तमच," साहेब म्हणाले, "पण तुमच्या साडूंचं मन बघा. चालून आलेलं श्रेय कोण सोडतं हो?"

संध्याकाळी घरी थोरल्यांनी ही मागणीची बातमी बायकोला रंगवून सांगितली; धाकट्याने श्रेय सोडल्याचंही ओघात येऊन गेलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कौतुकाने म्हणाली, "माझ्या बहिणीने नशीब काढलं हो."